काडेपेटीवरचं नाव

उलानबातरच्या संग्रहालयात, तळघरातल्या एका खिडकीखाली योंदोनची खुर्ची होती. खिडकी कसली, रस्त्याच्या पातळीला बसवलेली काचेची एक फट. तिच्यातून वरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे आणि योंदोन माणसं बुटांवरून ओळखायचा. नट रंगमंचावर यायच्या आधी विंगेत त्याच्या पावलांची चाहूल लागते, तसंच. टाचेला एका बाजूने झिजलेला तपकिरी बूट दिसला की तो भिंग बाजूला ठेवी, सुई फडक्याला पुसे आणि चहाच्या किटलीचं झाकण उघडी. लोदोइ मास्तर आले.

मास्तर सरड्यांचे जाणकार. जिवंत सरड्यांचे नव्हे. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी गोबीच्या तांबड्या वाळूत गाडले गेले आणि दगड होऊन बसले, त्यांचे. योंदोनचं काम त्या सरड्यांना दगडातून सोडवायचं. सुई, बारीक कुंचला, पातळ डिंक आणि श्वास रोखून धरायची सवय, एवढंच त्याचं भांडवल. नखाएवढी कवटी मोकळी करायला कधी दीड महिना लागे. वरच्या दालनात अजस्र सरड्याचा सांगाडा छताला टेकून उभा होता. आमच्या भाषेत डायनासोरलाही सरडाच म्हणतात, फक्त पुढे 'अजस्र' लावतात. शाळांच्या शाळा त्याच्या पायाशी फोटो काढून घेत. योंदोनचे सरडे काडेपेटीत मावायचे. त्यांच्याबरोबर कोण फोटो काढणार?

"वरचा तो धटिंगण एवढं खाऊन शेवटी गेलाच की," मास्तर चहा फुंकत म्हणायचे. "आपली बारकी मंडळी बघ. यांचे भाऊबंद अजून वाळूत पळतायत."

भाऊबंद कसे ओळखायचे तेही मास्तरांनीच त्याला शिकवलं होतं. आधी दात बघायचे. काही सरड्यांचे दात जबड्याच्या आतल्या भिंतीला टेकून उभे असतात, तंबूच्या भिंतीला लावून ठेवलेल्या काठ्यांसारखे. काहींचे थेट जबड्याच्या काठावर बसून हाडाशी एकजीव झालेले असतात, कड्याच्या धारेवर ओळीने बसलेल्या गिधाडांसारखे. शेपटी गुंडाळून उभा राहणारा गोबीतला चपट्या तोंडाचा सरडा या दुसऱ्या कुळातला. दातांनंतर टाळू, मग डोळ्यामागची हाडाची कमान, मग कपाळ. असं सगळं पाहून ज्याला त्याला आपापल्या कुळाच्या खणात ठेवायचं. एखादा तुकडा चुकून भलत्या खणात गेलेला असला, तर तपासणारा त्याच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहायचा, 'एने बिश'. म्हणजे, हे ते नव्हे. मग तो तुकडा भिंतीकडच्या कपाटात जायचा आणि बहुधा तिथेच राहायचा.

योंदोन मुळात उंटवाला. गोबीत, बुल्गानच्या पुढे, तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी त्याचा दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा तंबू असे. बायकोचं नाव डुलमा. दोन मुलगे झाले आणि दोन्ही वर्षाच्या आत गेले. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा डुलमाची आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तीनदा नाव सांगितलं. एनेबिश. ही ती नव्हे. मृत्यू दाराशी येऊन चौकशी करायला लागला, तर त्याला ऐकू जावं की तू शोधतोस ती ही नव्हे, पुढचं घर बघ. तुमच्याकडे धोंडू आणि दगडू म्हणून हाका मारतात, तशातलाच हा डाव.

म्हातारीने जावयाला आणखी एक गोष्ट बजावली. पोरीच्या नावाआधी बापाचं नाव लावायचं नाही. आमच्यात आडनाव नसतं. बापाचं नाव आधी, मग आपलं, एवढीच माणसाची ओळख. पण म्हातारी म्हणाली, "तुझं नाव घेऊन दोन गेले. हिला तरी तुझ्यापासून लांब ठेव." योंदोनने खाली मान घालून ऐकलं. लोकांनी विचारलं, ही कुणाची, तर तो म्हणायचा, "असेल कुणाची तरी. उंटांमागे लागून आली." पोर त्याच्याच मांडीवर बसलेली असायची.

पोर नऊ वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात कड्यांखाली संशोधकांची छावणी पडली. परदेशी पाहुणे होते, आमच्या देशातले होते, आणि त्यांच्यात लोदोइ मास्तर होते, तेव्हा काळ्याभोर केसांचे. योंदोन उंटांवरून छावणीला पाणी पोचवायचा आणि मुलगी त्याच्यामागून यायची. मोठी माणसं मांडीएवढी हाडं शोधत उभ्याने फिरायची. ही पालथी पडायची, हनुवटी वाळूला लावायची आणि डोळे न मिटता बघत राहायची. छावणीतल्या सगळ्यांनी तिचं नाव 'सरडी' पाडलं.

एका दुपारी ती मूठ झाकून बापाकडे आली. मुठीत तांबड्या दगडाचा बोराएवढा खडा होता आणि खड्यातून एका इवल्याशा कवटीची एक बाजू, जबड्यासकट, बाहेर आली होती.

"बाबा, हा आपल्या दारातल्या सरड्याचा आजोबा आहे."

"कशावरून?"

"तसाच हसतोय."

योंदोनने तो मास्तरांना नेऊन दाखवला. मास्तरांनी भिंग लावलं आणि खडा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग त्यांनी मुलीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. दात काठावर होते. पोरीने नुसत्या हसण्यावरून जे कूळ सांगितलं, तेच भिंगातून दिसत होतं. फक्त दातांची घडण अशी होती की तशी त्यांनी आजवर कुठे पाहिली नव्हती. त्यांनी योंदोनला सांगितलं की सगळं तपासून हा सरडा नवा निघाला, तर त्याला तुझ्या मुलीचं नाव देऊ. ते नाव छापलं जाईल, देशोदेशीचे विद्वान सभेत उभं राहून ते वाचतील.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

"सरडी!" आचारी चुलीपासून ओरडला आणि सगळी छावणी हसली.

"सरड्याला सरडी नाव ठेवलं तर लोक म्हणतील लोदोइने घेतली होती," मास्तर म्हणाले. "खरं नाव सावकाश सांग. घाई नाही. हे दगड काही पळून जात नाहीत."

योंदोनने त्या खड्यासाठी काडेपेटी रिकामी केली, आत उंटाची मऊ लोकर घातली. छावणीचा नियम होता की ज्याला सापडलं त्याचं नाव वर लिहायचं. योंदोन अक्षरं शिकला तो पंचविशी उलटल्यावर. त्याचं अक्षर वाळूत रुतलेल्या पावलांसारखं होतं, मधेमधे फटी पडत. त्याने पेन्सिल जिभेला लावली आणि मुलीचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं नाही. ती सवयच नव्हती.

पोर अकरा वर्षांची असताना वसंतात तिला ताप भरला. मान ताठ झाली. तीन दिवस वाळूचं वादळ चाललं होतं, तंबूच्या दोऱ्यांना दगड बांधूनही नमदा फडफडत होता. डॉक्टरची जीप वाटेत वाळूत अडकली. मदतीचं विमान उडालंच नाही. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि सगळीकडे इतकं शांत झालं की डुलमाला आधी वाटलं, पोरीला झोप लागली.

गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. घेतलं तर ते मागे वळून बघतं आणि त्याची पुढची वाट चुकते. डुलमा आणि योंदोन 'आमची ती' म्हणायला लागले. शेजारीपाजारीही जपून बोलायचे. वर्षभराने एका सकाळी चहा घेताना योंदोन म्हणाला, "अजून एक जागा आहे, जिथं तिचं नाव घेतलं तरी चालेल."

डुलमाने वर पाहिलं.

त्याने तिला मास्तरांच्या वचनाची आठवण दिली. परक्या लिपीत, परक्या तोंडून, सरड्याचं म्हणून घेतलेलं नाव. त्याने ती मागे वळणार नाही. नाव मात्र राहील.

"मोठ्याने वाचतात का ते?" डुलमाने विचारलं.

"सभेत उभं राहून वाचतात म्हणाले."

त्यानंतर आठ दिवसांत योंदोनने उंट भावाच्या हवाली केले. दोघं शहरात आली, टेकडीवरच्या वस्तीत तंबू ठोकला. संग्रहालयाला हाडं साफ करणारा हवाच होता. दोरखंड वळणारी, लगामाचं काम करणारी योंदोनची बोटं पाहून मास्तरांनी त्याला लगेच ठेवून घेतलं. काडेपेटी त्याच इमारतीत कुठेतरी होती. तिच्या जवळ राहावं, एवढाच त्याचा हिशेब.

पण काडेपेटी मिळेना. छावणीतली खोकी अभ्यासासाठी परदेशी गेली होती, परत आली होती, पुन्हा लावली गेली होती. कपाटांना हात लावायची मुभा योंदोनला नव्हती, पण मास्तरांनी प्रामाणिकपणे शोधलं. काठावर दात असलेल्यांचे सगळे खण त्यांनी एकेक करून उपसले. मुलीबद्दल बोलताना तेही 'तुझी ती' म्हणायचे आणि नजर खिडकीकडे वळवायचे. नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पोर गमावलेल्या बापाला ते कोण विचारतो? दर वर्षी योंदोन म्हणायचा, "मास्तर, आमची?" आणि मास्तर म्हणायचे, "परदेशातून अजून दोन पेट्या यायच्यात." घरी गेला की डुलमा विचारायची, "आलं का?" तो मान हलवायचा. मग ती आमच्या रीतीप्रमाणे चहात मीठ घालायची आणि त्या दिवशी हमखास जास्त पडायचं. तो तसाच प्यायचा.

सात वर्षं अशी गेली. आठव्या वर्षी दुसऱ्या एका कड्यावरून आलेली एक कवटी योंदोनच्या टेबलावर आली. पूर्ण, सुरेख, दोन्ही जबडे जागच्या जागी. तो सुईने एकेक कण काढत होता. विसाव्या दिवशी दातांची ओळ उघडी झाली आणि त्याचा हात थांबला. तसाच हसत होता.

त्याने मास्तरांना सांगितलं की आमच्या तिला सापडला तो हाच. मास्तरांनी कवटी उजेडात धरली. आठवणीवरून नाव ठेवता येत नाही, त्यासाठी हातात दगड लागतो, असं त्यांनी त्याला अगदी हळू आवाजात समजावलं. तरीही पुढचं एक वर्ष ते थांबले. कागद तयार असताना थांबले, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. काडेपेटी मिळाली नाही. मग त्या सरड्याला त्या दुसऱ्या कड्याचं नाव दिलं गेलं आणि ते छापून आलं. योंदोनने सुई पुसली आणि पुढची कवटी घेतली. घरी त्याने डुलमाला सांगितलं की अजून आलेलं नाही. ते खोटं नव्हतं.

मास्तर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी सोलोंगो नावाची मुलगी आली. चोवीस-पंचविशीची, बोलायला फटकळ, कामाला वाघ. पहिल्याच महिन्यात तिने भिंतीकडचं कपाट रिकामं करायला काढलं. जुने लोक कचरा जपून ठेवतात आणि आम्हाला नवीन खोकी देत नाहीत, असं ती येताजाता ऐकवायची. योंदोन हसून सोडून द्यायचा. एका सकाळी ती तळघरात आली तेव्हा तिच्या तळहातावर एक काडेपेटी होती.

"काका, तुमच्या जुन्या लोकांना दात दिसत नव्हते का हो? हे बघा, स्वच्छ काठावर बसलेत. आणि वर कुणा शहाण्याने लिहून ठेवलंय, एने बिश."

योंदोनने काडेपेटी हातात घेतली. लोकर पिवळी पडली होती. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण फटी तशाच होत्या. मधली फट तर चांगली बोटभर.

"कुणी लिहिलंय, ओळखता का अक्षर?" सोलोंगोने विचारलं.

"माझं आहे."

"तुम्ही? मग असं का लिहिलंत?"

"पोरी," योंदोन म्हणाला, "ते नाव आहे."

सोलोंगो उभी होती ती खाली बसली. त्या दिवशी ती एकदाही फटकळ बोलली नाही.

दुपारी खिडकीत झिजलेला बूट दिसला. आता त्याच्या शेजारी काठीही होती. योंदोनकडून सगळं ऐकून सोलोंगोने मास्तरांना निरोप धाडला होता. योंदोनने चहा ओतला, पण तो कुणीच घेतला नाही. दोन्ही कवट्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. डोळ्यामागची कमान तीच. काठावरचे दात सतरा आणि सतरा; दातांवरची बारीक धारही तीच. मास्तरांनी भिंग तीनदा पुसलं. सरडा एकच होता.

सोलोंगोने आशेने विचारलं की हा तर कितीतरी आधी सापडलाय, मग नाव बदलता येणार नाही का? तिला उत्तर माहीत होतं, तरी तिने विचारलं. मास्तरांनी मान हलवली. नियम सापडल्याची तारीख धरत नाही, छापल्याची धरतो. आधी छापलेलं नाव खरं. आता या जिवाला दुसरं नाव दिलं तरी ते जन्मतःच मेलेलं असेल, कोणी वापरणार नाही.

मग त्यांनी काडेपेटी हातात घेतली.

"ते कपाट मी कितीदा उघडलं असेन, अशा काडेपेट्या त्यात कितीतरी होत्या. ही पेटी माझ्या हातात आली होती, योंदोन. दोनदा. वाचलं आणि परत ठेवली. वाटलं, कुणीतरी तपासून बाजूला काढलंय." त्यांनी काडेपेटी खाली ठेवली. "तू मला तिचं नाव कधीच सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"गेलेल्या लेकराचं नाव बापाला कसं विचारू?"

"आणि मी तरी कसं सांगू, मास्तर?"

खिडकीतून माणसांचे बूट येत जात राहिले. योंदोनच्या मनात सासूबाईंचा आवाज होता, बाळाच्या कानाशी तीनदा कुजबुजलेला. ते नाव त्यांनी मृत्यूला फसवायला ठेवलं होतं. मृत्यू वादळातूनही बरोबर त्या तंबूवर आला होता. फसले ते मास्तर, ज्यांनी आयुष्यभर एकही दात चुकीचा मोजला नव्हता.

संध्याकाळी डुलमाने नेहमीसारखं विचारलं, "आलं का?"

योंदोनने या खेपेला मान हलवली नाही. त्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, दुसऱ्या कवटीसकट. आता ते कधीच येणार नाही, हेही सांगितलं. मग स्वतःवर आला. पोरीच्या नावाआधी आपलं नाव लिहिलं असतं, तर आंधळ्यालाही कळलं असतं की हे माणसाचं नाव आहे. चार अक्षरं जास्त लिहायची होती. आपण तीही दिली नाहीत.

डुलमा ऐकत राहिली. चुलीवर चहा उकळून खाली सांडायला लागला, तरी उठली नाही. शेवटी म्हणाली, "तुमचं नाव लावलं नाही म्हणून ती वाचली का?"

"नाही."

"मग आता लावा."

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नाव लागेल तेव्हाच पाय ठेवीन, असं तिने मनाशी धरलं होतं, हे योंदोनला त्या दिवशी कळलं. तिने ठेवणीतला निळा अंगरखा घातला होता, पट्टा नीट आवळला होता. अजस्र सरड्याच्या पायाशी शाळेची पोरं फोटो काढत होती. तिने तिकडे पाहिलंही नाही. सोलोंगोने तिला हात धरून तळघरात आणलं, योंदोनच्या खुर्चीवर बसवलं आणि भिंग कसं धरायचं ते दाखवलं.

डुलमा बराच वेळ वाकून बघत होती. "तसाच हसतोय," ती म्हणाली.

सोलोंगोने नवं खोकं काढलं. आत कापूस घातला, पण जुनी लोकर टाकली नाही, तीही तळाशी ठेवली. वरच्या चिठ्ठीवर तिने कूळ लिहिलं, दुसऱ्या कड्यावरून पडलेलं सरड्याचं छापील नाव लिहिलं, आकडा घातला. मग शोधणाऱ्याची ओळ रिकामी ठेवून पेन योंदोनपुढे केलं. त्या ओळीत फक्त नाव लिहायचं असतं. योंदोनने अख्खं वाक्य लिहिलं. अक्षरं चिकटवून, एकही फट पडणार नाही अशी, इतकी जपून की कवटी साफ करतानाही त्याने एवढा श्वास रोखला नसेल. सोलोंगो काही म्हणाली नाही.

डुलमाला वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंत?" तिने विचारलं.

योंदोनने चिठ्ठी हातात घेतली. अकरा वर्षांत त्याने ते नाव घेतलं नव्हतं.  तो सरळ उभा राहिला, सभेत उभं राहतात तसा, त्याने टोपी काढली आणि वाचलं.

"योंदोनची मुलगी एनेबिश हिला सापडलं."

डुलमाने डोळे मिटून घेतले होते. वर रस्त्यावरून कुणाचे तरी बूट गेले.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.